सरवदे बाईंच्या वर्गाला दाराबाहेरची जागा नव्हती

आदरणीय विमल सरवदे बाई यंदा साठ वर्षांच्या झाल्या. त्यांच्यावरच्या या ग्रंथासाठी लेख मागताना संपादकांनी मला बजावलं होतं, "सर, भाषण लिहू नका. जे डोळ्यांनी पाहिलंत तेवढंच लिहा." ही सूचना माझ्या सोयीचीच आहे. मी लहानपणापासून बोलताना अडखळतो, त्यामुळे भाषणाच्या वाटेला कधी गेलोच नाही. बाईंच्या शेजारच्या वर्गात मात्र मी कितीतरी वर्षं शिकवलं. त्या वर्षांतलं जे आठवतं ते इथे मांडतो.

भूम तालुक्यात ईटच्या पुढे फाट्यावरून आत गेलं की एक लहान गाव लागतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ती माणसं अजून तिथेच राहतात. त्यांची नावंही मी बदलली आहेत. तिथे जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि पुढे एक मोठं लिंबाचं झाड. मी परंड्याकडचा, सोनारीचा. शिक्षणसेवक म्हणून माझी पहिली नेमणूक या शाळेत झाली. हजर व्हायला गेलो तेव्हा वर्ग भरलेला होता, पण बाई नव्हत्या. चौथीतली एक मुलगी पहिलीच्या मुलांकडून पाढे म्हणून घेत होती. तिने मला खुर्ची दिली आणि सांगितलं, "बसा सर. बाई मागच्या गल्लीला गेल्यात. आत्ता येतील."

थोड्या वेळाने बाई आल्या. त्यांनी आठेक वर्षांच्या एका मुलीचा हात धरला होता. केस विस्कटलेले, फ्रॉकची बटणं खालीवर लागलेली. मागून तिचे वडील तणतणत येत होते.

"बाई, किती बार सांगू? तिला काय कळत न्हाय. तुमचं बी डोस्कं उठंल आन् पोरांचं बी."

"तिला काय कळतं ते मी बघते, बापूराव. तुम्ही सकाळी तिची वेणी तेवढी घालून द्या."

"येडीला वेणी घालून काय करायचं?"

"तिचं नाव गोदावरी आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. बापूराव माघारी फिरले. मग बाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी नाव विचारलं. माझं नाव 'द'ने सुरू होतं आणि 'द' मला फार छळतो. मी अडकलो. असं झालं की समोरचा माणूस एक तर अंदाजाने नाव पुरं करतो, नाहीतर दुसरीकडे बघतो. बाई मुलीचा हात धरून शांतपणे उभ्या राहिल्या. नाव माझ्या तोंडून पूर्ण बाहेर पडल्यावर म्हणाल्या, "बरं झालं आलात. तिसरी-चौथी तुमच्याकडं. गोदावरी तिसरीत बसते." आणि तिचा हात माझ्या हातात दिला.

बाईंचा आणि माझा परिचय हा असा झाला.

गोदावरीला बौद्धिक अक्षमता होती. तेव्हा तिला मोजके शब्द बोलता येत. एका जागी ती फार वेळ बसत नसे, आणि कधीकधी कपडे ओले करी. घर खातंपितं होतं. विहिरीचं पाणी होतं, गावात मान होता. वडील बापूराव, आई रुक्मिणबाई आणि बारावी झालेली थोरली बहीण सुनीता. कुणी तिला मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवून ठेवत, एवढंच. शाळेत तिचं नाव बाईंनीच घातलं होतं.

माझ्या डी.एड.च्या पुस्तकात अशा मुलांवर एक धडा होता. त्यातलं काही मला आठवेना. दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारलं, "हिला मी शिकवू काय?"

"बाकीच्यांना शिकवता तेच. त्यातलं तिला जेवढं उचलेल तेवढं तिनं उचलावं. पण बसायचं सगळ्यांत, कोपऱ्यात नाही."

म्हणजे काय ते बाईंनी करून दाखवलं. मुलं झाडाचे भाग वहीत लिहीत, तेव्हा गोदावरी लिंबाखालून पान आणून ज्याच्या-त्याच्या हातात देई आणि "पान" म्हणे. मुलं भागाकार करत, तेव्हा ती खिचडीच्या ताटल्या एकाला एक अशा मांडी. पहिल्या महिन्यात निम्म्या ताटल्या एकाच मुलापुढे जमत. बाई चिडत नसत. ताटली उचलून पुन्हा तिच्या हातात देत. कपड्यांचा एक जादा जोड त्या स्वतःच्या कपाटात ठेवत. तो बदलायचं काम त्यांनी कधी मुलींवर सोपवलं नाही.

शाळेची घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजला की गोदावरी कानांवर हात ठेवून समोरच्या ज्वारीत पळत सुटे. मी म्हणालो, घंटा बंद करू. बाईंनी उलटंच केलं. घंटा वाजवायचं काम त्यांनी गोदावरीलाच दिलं. सुरुवातीला स्वतः तिचा हात धरून हळू वाजवली, मग जोरात. "आवाज कधी येणार हे आधी कळलं की भीती निम्मी होते," त्या म्हणाल्या. दिवाळीपर्यंत घंटा ही गोदावरीची झाली. दुसऱ्या कुणी हात लावला तर ती भांडू लागली. मग तेही शिकवावं लागलं.

सगळं सुरळीत चाललं होतं असं मात्र नाही. शाळा समितीच्या बैठकीत एक पालक उठून म्हणाले, "त्या पोरीमुळं आमच्या लेकरांचं नुकसान व्हायलंय. तिला तिच्यासारख्यांच्या शाळंत धाडा. लातूरला हाय म्हणं." दोघांतिघांनी माना हलवल्या. बापूरावही बैठकीला होते. ते खाली बघत राहिले.

बाईंनी त्या पालकांच्या मुलाला, संतोषला, वर्गातून बोलावलं आणि पुस्तक उघडून हातात दिलं. त्याने धडा घडाघडा वाचला.

"आता सांगा, काय नुकसान झालं?"

"तसं न्हाय वो बाई…"

"मग कसं?"

बाईंनी संतोषला वर्गात परत पाठवलं. तेव्हा बाईंनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकलं. "माझे वडील लोहाऱ्याकडच्या एका गावात शाळेच्या दाराबाहेर बसून शिकले. आत आमच्या लोकांना बसवत नव्हते. मास्तर वाईट नव्हते. आत जागा नाही, एवढंच म्हणायचे. वडील उन्हात बसायचे, फळा अर्धाच दिसायचा. मी मास्तरीण झाले तेव्हा त्यांनी मला एकच सांगितलं, कुणाला दाराबाहेर बसवू नको. एखाद्या लेकराला खास शाळेची गरज असते. तसं असेल तर मी स्वतः त्याला घेऊन लातूरला जाईन. पण जागा नाही म्हणून नाही पाठवणार."

बैठक संपली. लातूरचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता ज्या प्रसंगामुळे बाईंविषयी गावात वर्षभर दोन तट पडले होते, तो सांगतो. गौरवग्रंथात असा प्रसंग लिहावा का, हे मी बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहा. नाहीतर लोकांना वाटेल की सगळं हार घालूनच झालं."

सुनीताला पाहायला पाहुणे येणार होते. त्या दिवशी सकाळीच बापूराव शाळेत आले.

"बाई, आज गोदीला सांच्यापस्तोर हितंच ठिवा. नायतर असं करा, तुमच्यासंगं ईटला घरी न्या. उद्या आणा."

"पाहुणे कधी येणार आहेत?"

"तीनला येतो म्हणलेत."

"मग पाचपर्यंत आटोपेल. शाळा पाचला सुटते. पाचला मी तिला रोजच्यासारखी घरी आणून सोडणार."

"बाई, थोरलीच्या जल्माचा सवाल हाय."

"म्हणूनच सांगते. लपवून लग्न करू नका. उद्या कळल्यावर सासरी ऐकून घ्यायचं सुनीताला आहे, तुम्हाला नाही."

बापूराव निघून गेले.

पाहुण्यांना उशीर झाला. पाच वाजता त्यांची जीप बापूरावांच्या दारात उभी असलेली शाळेतून दिसत होती. मी म्हणालो, "बाई, अर्धा तास थांबू या." बाईंनी क्षणभर विचार केला. "आज मी थांबवलं तर मीच तिला लपवल्यासारखं होईल," असं म्हणून त्यांनी गोदावरीचा हात धरला. मीही बरोबर गेलो.

ओसरीवर पोह्यांच्या बशा मांडल्या होत्या. मुलाचे वडील, मामा आणि आणखी दोघंतिघं बसले होते. समोर पाटावर सुनीता, डोक्यावर पदर घेऊन. गर्दी बघून गोदावरी उंबऱ्यात थबकली. ती आता पळणार असं मला वाटलं. पण तिने रोजच्यासारखं दप्तर खुंटीला अडकवलं, सरळ जाऊन सुनीताला चिकटून बसली आणि तिच्या मांडीवर डोकं टेकवलं.

"ही कोण?" मुलाच्या मामाने विचारलं.

रुक्मिणबाई आतल्या दारात ताट घेऊन उभ्या होत्या. बापूरावांनी बाईंकडे बघितलं. बाई काही बोलल्या नाहीत. ते उत्तर त्यांनी द्यायचं नव्हतं.

"माझी बहीण," सुनीता म्हणाली. पाहायला आलेल्यांसमोर मुलीने न विचारता बोलायची आमच्याकडे रीत नाही. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने गोदावरीच्या केसांवरून हात फिरवला आणि मान खाली घातली नाही.

मग बापूरावांनी घसा साफ केला. "व्हय. धाकटी हाय. गोदावरी. तिसरीत जाती."

पाहुणे चांगले वागले. चहा घेतला, राम राम केला आणि गेले. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला की मुलाच्या घरच्यांचा विचार नाही. कारण सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी रुक्मिणबाई शाळेत आल्या. भर वर्गात, मुलांसमोर त्यांनी बाईंना सुनावलं. "तुमची लेक आसती तर केलं आसतं का आसं? मोडलं न्हवं माझ्या लेकीचं! आता कोण येतंय आमच्या दारात?" बाई उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "वहिनी, तुमचा राग बरोबर आहे. माझ्यावर काढा. पण गोदावरीला घरी ठेवू नका." रुक्मिणबाईंनी लेकीचा दंड धरला आणि तिला घेऊन गेल्या.

गोदावरी शाळेत यायची बंद झाली. बाई रोज शाळा सुटल्यावर बापूरावांच्या दारात जात. आत बोलावणं नसे, कुणी पाण्याचं विचारत नसे. त्या पायरीवर बसत. गोदावरी बाहेर येई. तिच्याबरोबर थोडं बोलून, दोन चित्रं दाखवून बाई ईटची गाडी पकडत. पहिल्या दिवसांत मी त्यांना म्हणालो, लोक हसतात. त्या म्हणाल्या, "हसू द्या."

याच काळात एकदा ईटच्या गाडीची वाट बघताना त्या आपणहून म्हणाल्या, "सर, पाचला तिला नेलं ते बरोबर होतं असं मला अजून वाटतं. पण सुनीताला आधी विचारायला पाहिजे होतं. लग्न तिचं होतं." आणि त्यांनी विचारलंही. उशिरा का होईना, सुनीताला नदीवर गाठून विचारलं. सुनीताने दिलेलं उत्तर बाईंनीच मला सांगितलं. "मोडल्याचं वाईट वाटलं, बाई. रडले मी. पण त्या दिवशी बोलले त्याचं वाईट वाटत न्हाय."

गोदावरी परत आली ती कुणाच्या समजावण्याने नाही. शाळेच्या वेळेला ती घरात रोज पितळी घ्यायची आणि उलथन्याने बडवायची. घंटा. जोपर्यंत शाळेच्या दिशेने मुलं जाताना दिसत तोपर्यंत थांबायची नाही. असं बरेच दिवस चाललं. एका सकाळी रुक्मिणबाई तिला घेऊन शाळेच्या फाटकात आल्या. गोदावरीची घट्ट वेणी घातली होती, वर लाल रिबीन. बाईंकडे न बघता त्या म्हणाल्या, "न्या हिला. समद्या भांड्यांची वाट लावली. डोस्कं उठलंय माझं." बाईंनी गोदावरीला रुळाकडे पाठवलं. त्या दिवशी घंटा जरा जास्तच वेळ वाजली.

पुढे सुनीताला भूमजवळचं एक स्थळ आलं. या वेळी बापूरावांनी पहिल्याच बोलण्यात सांगून टाकलं, "मला दोन लेकी हायेत. धाकटीला जरा कमी समजतं. बघा, पटत आसंल तर या." ते लोक आले. मुलगा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. लग्न ठरलं, आणि सुनीताने सांगितलं की करवली गोदावरीच होणार.

घरच्यांना धास्ती पडली. बँड, फटाके, अक्षता, हजार माणसं. ती बिथरली तर? बाईंनी ते काम शाळेत घेतलं. लग्नाआधीचे कितीतरी दिवस मधल्या सुट्टीत आमच्या शाळेत लग्न लागत होतं. संतोष भटजी झाला. त्याला एकही मंगलाष्टक येत नव्हतं, म्हणून तो पाढे म्हणायचा. माझ्या मोबाइलवर बँड वाजायचा, रोज थोडा मोठा. अक्षता म्हणून मुलं ज्वारीचे दाणे टाकायची. गोदावरी नवरीच्या मागे तांब्या धरून उभी राहायची. मी या लग्नात बहुतेक वेळा नवऱ्याचा बाप होतो.

खऱ्या लग्नात ती सुनीताच्या मागे पूर्ण वेळ उभी राहिली, तांब्यावर नारळ घेऊन. फटाके वाजले तेव्हा तिने एक हात कानावर ठेवला, दुसऱ्या हातातला तांब्या सोडला नाही. जेवणाच्या पंगतीत रुक्मिणबाई स्वतः वाढायला आल्या. बाईंच्या पानात बुंदी वाढली, थांबल्या, आणखी एक मूठ वाढली आणि म्हणाल्या, "बाई, म्या लई बोलले तुमाला." बाई म्हणाल्या, "वहिनी, आता बास, एवढं खाववणार नाही." त्यावर दोघीही हसल्या. त्या प्रकरणाचा शेवट हा असा झाला.

बाईंच्या स्वभावातली एक गोष्ट माझ्या स्वतःच्या अनुभवाची आहे. त्यांना थांबता येतं. एकदा तपासणीला आलेले अधिकारी मला प्रश्न विचारत होते आणि माझं उत्तर तोंडातून निघेना. ते घाईत होते. "ठीक आहे, ठीक आहे," म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळले. बाई तिथेच होत्या. "साहेब, थांबा. सर बोलतायत," त्या म्हणाल्या. साहेब थांबले. मी उत्तर पूर्ण केलं. साहेब गेल्यावर बाईंनी त्याचा उल्लेखही केला नाही, दुपारचा वर्ग घ्यायला निघून गेल्या. नोकरीत पुढे मला बरंच काही मिळालं, पण त्या चार शब्दांएवढं उपयोगी पडलेलं काही आठवत नाही.

गोदावरीचं पुढे काय झालं, हे वाचकांना जाणून घ्यावंसं वाटेल. चौथीनंतर तिला शेजारच्या गावच्या शाळेत जायचं होतं. तिथे आधी "जमणार नाही" असंच उत्तर मिळालं. बाई तिच्याबरोबर गेल्या, रजा टाकून काही दिवस त्या वर्गात मागच्या बाकावर बसल्या आणि तिथल्या शिक्षकांना हाताशी धरलं. सातवीपर्यंत ती शिकली. पुढचं हायस्कूल लांब होतं. बाईंनी प्रयत्न करूनही ते जमलं नाही. हे त्यांच्या मनाला अजून लागतं. आज गोदावरी मोठी झाली आहे. आईबरोबर शेरडं सांभाळते, एकटी गिरणीत दळण घेऊन जाते, आठवड्याच्या बाजाराला जाते. तिला वाचता येतं ते थोडं. स्वतःचं नाव, आईचं नाव आणि गाडीच्या पाटीवरचं 'ईट'. ज्या घरात तिला आतल्या खोलीत बसवत होते, त्या घरात आता पाहुण्यांना चहा द्यायला तीच बाहेर येते. यापेक्षा मोठा दावा बाईंनी कधी केला नाही, मीही करणार नाही.

बाईंच्या शाळेत गोदावरीनंतर आणखी मुलं आली. एकाला खरोखरच खास शाळेची गरज होती. बैठकीत म्हटल्याप्रमाणे बाई स्वतः त्याला घेऊन लातूरला गेल्या. बाकीची आमच्यातच शिकली. संतोष आज शिक्षक आहे. त्याच्या वर्गात असं एक मूल आहे आणि ते मधल्या रांगेत बसतं, हे मी जाऊन पाहिलं आहे.

निवृत्त झाल्यावर बाई घरी बसतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. कुठल्याही शाळेतून फोन आला की त्या भूम, परंडा, कळंब कुठेही जातात, गाडीला आणि जेवायला स्वतःचे पैसे खर्चून. गेल्या महिन्यात परंडा तालुक्यातल्या एका शाळेत मी त्यांच्याबरोबर होतो. तिथल्या तरुण शिक्षिकेच्या वर्गात पहिलीला एक मुलगा आला आहे. तो अजून एकही शब्द बोलत नाही. ती रडकुंडीला आली होती. तिने विचारलं, "बाई, याला कधी येईल सगळं?"

"सगळं नाही येणार," बाई म्हणाल्या. "काय येईल ते मलाही माहीत नाही, बाळा. तू उद्या वर्गात ये. तोही येईल. मग बघू."

परत येताना बसच्या पायऱ्या चढायला त्यांना माझा हात धरावा लागला.

बाई, आता थेट तुमच्याशी बोलतो. साखर आटोक्यात ठेवा. गुडघ्याचं ऑपरेशन तिसऱ्यांदा पुढे ढकलू नका. तुमचं वय, तुमची तब्येत यांवर आता आमचाही थोडा हक्क आहे असं समजा. परंड्याचा तो मुलगा पहिलीत आहे. तो चौथीतून बाहेर पडेल त्या दिवशी तुम्ही तिथे धडधाकट उभ्या असायला हव्यात. त्याच्या मागे पहिलीत येणाऱ्यांच्या वेळीही असायला हव्यात, आणि त्यांच्याही मागच्यांच्या वेळी. तुम्हाला तेवढं आयुष्य मिळो, आणि ते चालतंफिरतं मिळो.